नव्या गेममध्ये कडा चढताना हाताला काहीच का जाणवत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की अनचार्टेड किंवा 2013 नंतरच्या टूम रेडरमध्ये चढणं म्हणजे कंट्रोलरची स्टिक पुढे रेटायची आणि अधूनमधून एक बटण दाबायचं, एवढंच उरलंय. जुन्या गेममध्ये थरार होता, तो खरंच होता की नुसता आठवणींचा परिणाम?

खरंच होता. माझ्या मते सगळा फरक एका गोष्टीत आहे: पकड तुमच्या बोटात आहे की गेमच्या हातात.

1996 चा पहिला टूम रेडर घ्या. सगळं जग सारख्या आकाराच्या चौकोनी ठोकळ्यांचं. उभ्याने उडी मारली तर एक ठोकळा पार, पळत येऊन मारली तर दोन, आणि पलीकडची कड हाताने धरली तर तीन. पीसीवर शिफ्ट दाबून चाललं की लारा (गेमची नायिका) काठावर थांबायची, पडायची नाही. तिथून एक उडी मागे घेतली की पळत यायला नेमकी हवी तेवढी जागा मिळायची. मग पळताना उडीसाठी आल्ट, हवेत असताना पकडीसाठी कीबोर्डवरचं Ctrl बटण, आणि ते Ctrl दाबूनच ठेवायचं. सोडलं की लारा खाली. आज हे कंट्रोल अवजड वाटतात, पण प्रत्येक उडी आधी डोक्यात मोजलेली असायची आणि पडलो तर का पडलो ते कळायचं.

शॅडो ऑफ द कोलॉसस (2005) याच्या फार पुढे गेला. पीएस2 (प्लेस्टेशन 2) वर कंट्रोलरचं आर1 बटण दाबून ठेवलं तरच नायक वाँडर कोलॉससच्या, म्हणजे महाकाय प्राण्याच्या, केसांना धरून राहतो, आणि धरून ठेवलं की ताकदीचं वर्तुळ लहान होत जातं. कोलॉससच्या खांद्यावर जरा सपाट जागा सापडते. आता आर1 सोडलं तर वर्तुळ भरेल, पण तेवढ्यात त्याने अंग झटकलं तर थेट खाली. न सोडावं, तर पुढच्या झटक्याला ताकदच शिल्लक नसेल. त्या दोन-तीन सेकंदांत तुमचं बोट खरोखर आवळलेलं असतं. पडद्यावरची मूठ आणि तुमची मूठ एकच होते. इतका साधा आणि इतका नेमका कंट्रोल मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिला नाही.

अनचार्टेड 4 मध्ये स्टिक वळवली की नायक नेट पुढच्या खाचेकडे हात लांबवतो. अ‍ॅनिमेशन अप्रतिम आहे, त्यात वादच नाही. पण हात पोहोचेल की नाही हे गेमने आधीच सांगून टाकलं, उडी थोडी वाकडी गेली तरी ती गेमच सरळ करून घेणार, आणि पकड सुटायचा तर प्रश्नच नाही. मग ठरवायचं काय उरलं? हे मुद्दाम केलेलं आहे. पात्रं चढताना एकमेकांशी बोलतात, कथा पुढे सरकते, आणि तिथे खेळाडू दर मिनिटाला पडत राहिला तर संवादाचा विचका होईल. त्या गेमपुरता तो निर्णय मला पटतो. त्याची सरसकट नक्कल झाली, ते पटत नाही.

थरार मरणाच्या भीतीत असतो असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. 2023 चा जुसांत खेळून बघा. कमरेला दोर बांधलेला, मरणं नाहीच. पण कंट्रोलरचं एल2 बटण म्हणजे डावा हात, आर2 म्हणजे उजवा. एक सोडायच्या आधी दुसरा घट्ट हवा. अर्ध्या तासात हाताला त्याची लय बसते आणि कडा कडा वाटू लागतो. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (2017) पकडीचं बटण नाही, नायक लिंक आपोआप चिकटतो. तरी जीव वरखाली होतो, कारण कुठून चढायचं आणि उरलेल्या स्टॅमिनात पुढचा टप्पा गाठता येईल का, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. त्यात पाऊस आला की हात घसरतात.

गेमने सांभाळून घेण्याला माझा विरोध नाही. सेलेस्टमध्ये कडेवरून पाय निसटल्यावरही सुमारे 0.1 सेकंद उडी मारता येते. ती सवलत तुम्ही घेतलेला निर्णय वाचवते, तुमच्या वतीने निर्णय घेत नाही.

कॅमेऱ्याचंही मोठं काम असतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी (2020) मला मनापासून आवडतो. लांबून, ठरलेल्या कोनातून दिसणारे ते महाल डोळ्यांचं पारणं फेडतात, पण त्याच कोनामुळे काही ठिकाणी उडीचं अंतर नजरेने मोजणं अवघड जातं.

तुम्ही आधी जुसांत खेळा. नंतर जुन्या टूम रेडरचं 2024 चं रीमास्टर घ्या आणि त्यात मॉडर्न कंट्रोल (स्टिक ढकलाल तिकडे लारा पळते) सुचवले तरी जुने टँक कंट्रोलच (डावी-उजवीने लारा जागच्या जागी वळते, पुढे दाबलं की समोर जाते) ठेवा. पातळ्या ठोकळ्यांच्या मापाने बांधलेल्या आहेत. मॉडर्न कंट्रोलमध्ये ते मागे उडी घेऊन माप धरणं हातातून जातं आणि साध्या उड्याही चुकायला लागतात.