ग्राफिटीवाला माणूस संगीतात आणि फाइन आर्टमध्ये खरंच पोचला, असं कोणी आहे का?

तुमचा प्रश्न असा, की रेल्वेच्या डब्यांवर रात्री चोरून रंग मारणारा कोणी पुढे गाण्यात आणि गॅलरीतही खरोखर पोचला का, का हे सगळं नंतर रचलेलं मार्केटिंग आहे. आहेत की, आणि एकापेक्षा जास्त आहेत. फ्यूचुरा २००० नावाचा न्यूयॉर्कचा पोरगा १९८१ ला द क्लॅश या ब्रिटिश बँडबरोबर दौऱ्यावर गेला होता, पुढे बँड वाजवतोय आणि हा मागे स्टेजवर स्प्रे मारतोय. फॅब फाइव्ह फ्रेडीने १९८० मध्ये सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, आख्ख्या डब्यावर अँडी वॉरहॉल या चित्रकाराचे प्रसिद्ध सूपचे डबे काढले (डब्यावर डबे!), दोन वर्षांनी रेकॉर्ड काढली आणि १९८८ मध्ये तर एमटीव्हीवर रॅपचा कार्यक्रम करायला लागला. पण मला विचाराल तर मी रामेलझीचं नाव घेईन, कारण बाकीचे एका धंद्यातून दुसऱ्यात गेले आणि हा बाबा कुठे गेलाच नाही, त्याने आयुष्यभर एकच काम केलं, अक्षरं.

आधी कबूल करतो, मला हा माणूस सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता. मी डीटीपी आणि बोर्डांची कामं करतो, कोणी वेलांटी जरा जास्त वळवली तरी डोकं फिरतं माझं, आणि याचं म्हणणं काय तर अक्षर वाचता येऊच नये!

जन्म १९६० चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फार रॉकअवेचा. तिथे सबवेची ए ट्रेन संपते, म्हणजे डबे दारातच. डबे रंगवणारे हे लोक स्वतःला आर्टिस्ट वगैरे म्हणत नसत, रायटर म्हणत, कारण मुळात काम आपलं नाव लिहायचं, मग ते नाव इतकं गुंतवायचं, बाण काढायचे, एकात एक अडकवायचं की बाहेरच्याला कळूच नये, त्याला वाइल्डस्टाइल म्हणतात. रामेलझीने याची चक्क थिअरी केली. नाव दिलं गॉथिक फ्यूचरिझम. त्याच्या मते मध्ययुगातले ख्रिस्ती मठवासी पोथ्या लिहिताना अक्षरं सजवत सजवत इतके पुढे गेले की बिशपलाच वाचता येईना, तेव्हा वरच्यांनी ते बंद पाडलं, आणि ते अर्धवट राहिलेलं काम आता सबवेच्या बोगद्यात आम्ही पुरं करतोय. म्हणून त्याच्या अक्षरांना टोकं, पंख, क्षेपणास्त्रं, कारण ती अर्थाच्या गुलामीतून सुटायला लढणार आहेत. इतिहास म्हणून हे कितपत टिकेल यावर मी पैज लावणार नाही, पण लग्नपत्रिकेवर वेलबुट्टीत नवऱ्या मुलाचं नाव हरवलेलं मी स्वतः छापलंय, त्यामुळे अगदीच खुळचट म्हणवत नाही.

१९७९ ला त्याने रामेलझी हेच आपलं नाव कायदेशीर करून घेतलं, आणि ते नाव नाहीये, समीकरण आहे असं सांगत फिरायचा.

आता गाण्याचं. १९८३. झ्याँ-मिशेल बास्किया हा चित्रकार तेव्हा गॅलरीवाल्यांचा लाडका झालेला, आणि रामेलझीला तो खरा रायटर वाटतच नव्हता, कारण बास्कियाचं लिखाण भिंतींवरचं, ट्रेनवरचं नाही. दोघांची मैत्री पण तशीच, अर्धी भांडणाची. बास्कियाने एक रेकॉर्ड काढायचं ठरवलं, पैसे त्याचे, शब्दपण त्यानेच लिहून आणले. रामेलझी आणि के-रॉब नावाचा शाळकरी रॅपर, दोघांनी तो कागद वाचला, हसले, चुरगळला आणि त्याच्याकडेच परत फेकला. मग स्टुडिओत जाऊन आयत्या वेळी सुचेल ते बोलले. के-रॉब शाळेतून घरी निघालेला सरळ मुलगा झाला आणि रामेलझी कोपऱ्यावर उभा राहून त्याला वाईट मार्गाला लावणारा दलाल. हेच ते ‘बीट बॉप’ नावाचं गाणं, चांगलं दहा मिनिटांचं, आणि मागे चक्क व्हायोलिन. कव्हर बास्कियाने काढलं, काळ्यावर पांढऱ्या रेघा. पहिली आवृत्ती जेमतेम ५०० प्रतींची, म्हणून आज ती रेकॉर्ड वाजवायला कोणी घेत नाही, लिलावात हजारो डॉलर मोजून काचेत ठेवायला घेतात.

गाण्यात मध्येच तो नाकातून बोलायला लागतो, किरकिऱ्या आवाजात, आणि शब्द ताणतो, मोडतो, काही शब्द तर नुसते आवाजच उरतात. या आवाजाला तो स्वतः गँगस्टर डक म्हणायचा. बीस्टी बॉइज आणि सायप्रस हिल या रॅप ग्रुपांच्या नाकातल्या रॅपचं मूळ लोक इथे दाखवतात. मला ते ऐकताना पहिल्यांदा कळलं की हा डब्यावर आपल्या नावातल्या ‘आर’ अक्षराचं जे करायचा तेच इथे जिभेने करतोय. त्यानंतर मी वेलांट्यांवरून आरडाओरडा जरा कमी केला.

फाइन आर्टमध्ये काय झालं ते थोडं कडू आहे. ऐंशीच्या सुरुवातीला युरोपातल्या संग्राहकांनी या पोरांची कॅनव्हासं उचलली, १९८३ ला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बॉयमन्स म्युझियममध्ये ग्राफिटीचं प्रदर्शन झालं त्यात रामेलझीपण होता. त्याच वर्षीच्या ‘हॉलिवूड आफ्रिकन्स’ या बास्कियाच्या पिवळ्या चित्रात जी तीन तोंडं आहेत त्यातलं एक याचं, ते चित्र आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आहे. पण न्यूयॉर्कच्या बाजाराला लवकरच कंटाळा आला. रामेलझी न्यूयॉर्कच्याच ट्रायबेका भागातल्या आपल्या लॉफ्टमध्ये शिरला, त्याला बॅटल स्टेशन म्हणायचा, आणि तिथे रस्त्यावरचा कचरा उचलून आणून, मोडकी खेळणी, गॉगल, प्लास्टिकचे तुकडे चिकटवून, खाली स्केटबोर्ड लावून इंग्रजी मुळाक्षरांची एकेक गाडी बनवली. लेटर रेसर्स. छताला टांगलेली, हल्ल्याला निघालेल्या विमानांसारखी. शिवाय गार्बेज गॉड्स म्हणून अंगभर घालायचे पोशाख, मुखवट्यासकट, चिलखताएवढे जड, आणि ते घालून तो लोकांसमोर यायचा.

२०१० मध्ये गेला, पन्नाशीही झाली नव्हती. मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये झालं ते २०१८ ला, तो गेल्यावर आठ वर्षांनी. म्हणजे तुमच्या प्रश्नातलं ‘पोचला का’ याचं उत्तर हो, पण बघायला तो नव्हता.

गाणं ऐकणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, आणि दोन मिनिटांत बंद करू नका, नाकातला आवाज यायची वाट बघा.