वाराचं नाव, पण वार कोणता?

प्रश्न : ताई, मी पुण्याची. नवऱ्याच्या मिहानमधल्या नोकरीमुळे जूनपासून नागपुरात आलोय. पुण्यात असताना बुधवार-रविवारी जुन्या बाजारात चक्कर असायचीच, काही घेतलं नाही तरी उगाच हाताळत फिरायचं आणि मग कुठंतरी उभ्या उभ्या खायचं. इथे शेजारच्या काकू म्हणाल्या इतवारीत जा, म्हणून आम्ही हौसेनं रविवारी गेलो तर बरीचशी शटरं खाली! इथे असा उघड्यावरचा बाजार आहे का नाही? की मॉलच?

उत्तर : अगं, हसू आलं वाचून, पण राग मानू नको. तुझ्या पुण्यातल्या शनिवार पेठेत शनिवारी काय वेगळं मिळतं सांग बरं? तसंच आहे हे. इतवारी हे आता भागाचं नाव, ठोक व्यापाऱ्यांचा भाग, आणि व्यापाऱ्याला पण एक दिवस सुट्टी लागतेच ना. मंगळवारीत मात्र मंगळवारी गेलीस तर खरंच बाजार दिसेल, सदरला. बुधवार बाजाराचं अजून वेगळं, महालात एक आणि सक्करदऱ्यात एक, त्यामुळे ऑटोवाल्याला नुसतं बुधवार बाजार म्हणून बसलीस तर कुठे उतरशील त्याचा भरोसा नाही. आणि शुक्रवारी म्हणजे तर तलाव! त्यालाच जुम्मा तलाव म्हणतात आणि कागदावर गांधीसागर.

तू ज्याला जुना बाजार म्हणून राहिली तसा सगळा भंगारापासून ग्रामोफोनपर्यंत एका जागी मांडलेला बाजार शोधत बसू नको, इथली गंमत वेगळी आहे, इथे वेळ पकडावी लागते. सकाळचं शहर वेगळं, संध्याकाळचं वेगळं, आणि मे महिन्यात तर दुपारचं शहरच नसतं, पारा 45 च्या पुढे गेला की कोण उघड्यावर दुकान मांडेल?

तर सुरुवात सकाळी साडेसात-आठला, उपाशीपोटी, तर्री पोह्यानं. कस्तुरचंद पार्कच्या भागात जा किंवा तुमच्या घराजवळचा जो ठेला असेल आणि जिथे ऑटोवाले नि ऑफिसवाले दोन्ही उभे असतील तिथे. पोहे मंद वाफेवर गरम, बाजूला भगोण्यात काळ्या चण्याची तर्री, वर लाल तेलाचा थर. तो विचारेल "तर्री किती टाकू जी?" पहिल्यांदा "कमी" म्हण, त्याची कमी ही तुझ्या पुण्याची भरपूर असते. वरून कच्चा कांदा, लिंबू. आमच्याकडे पाहुणे आले की मी नेते, आणि दरवेळी माझी एक नणंद डोळ्यांत पाणी आणून दुसरी प्लेट मागते. दहा-साडेदहाला गेलीस तर चांगल्या ठेल्यावर भगोणं घासायला निघालेलं असतं.

इतवारीला रविवार सोडून जा, आणि गाडी अजिबात नेऊ नको, पार्किंगमध्येच अर्धा दिवस जातो. मेट्रोनं जा, अ‍ॅक्वा लाइन, चितारओळी चौकाला उतर. चितारओळ म्हणजे मूर्तिकारांची वस्ती, गणपती-दुर्गेच्या आधी तर रस्त्याच्या कडेला नुसते न रंगवलेले हात आणि सोंडा. पण मला विचारशील तर पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात ये. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, त्या बैलांचा बाजार लागतो. चाकं लावलेले, गळ्यात दोरी, शिंगं लाल नाहीतर पिवळी, हातभर उंचीच्यापासून ते पोराला बसता येईल एवढ्यापर्यंत. घेताना बैल उलटा करून चाकाचा खिळा बघायचा, रंगाला भुलायचं नाही. माझ्या मुलाचा बैल दोन गल्ल्या चालला आणि एक चाक गेलं गटारात, मग पुढची मिरवणूक बैल कडेवर आणि पोरगं रडत. मी तो रंग बघून घेतलेला, चूक माझीच.

आणि जुन्या वस्तूंची हौस असेल तर तिथून पुढे भांड्यांच्या दुकानांत जा. पितळ-तांबं वजनावर, आणि लोक जुनी भांडी मोडीत देतात तीही तिथेच कोपऱ्यात पडलेली असतात. गोडीनं विचार की मोडीतलं बघू का. मला असाच एक तांब्या मिळाला, काठाला जरासा चेपलेला, त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. आडनाव घासून घासून पार गेलंय, फक्त "चि. सौ. कां." आणि खाली 1962 एवढं वाचता येतं. कुणाच्या तरी लग्नातला. दुकानदारानं मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त लावले, मी दिले. कल्हई फक्त करून घ्यावी लागली.

बर्डीचं, म्हणजे सीताबर्डीचं, सांगायची गरज नाही, ते तुला महिन्याभरात आपोआप कळेल. व्हेरायटी चौक ते लोहापूल, कपडे, चपला, मोबाईलची कव्हरं, आणि मधे मोदी नंबर एक-दोन-तीनच्या गल्ल्या. मेट्रोचं इंटरचेंज स्टेशनच तिथे आहे. चपला मात्र फुटपाथवर घेऊ नको, माझी एक जोडी घरी पोचायच्या आत फाटली.

आणि हो, दीक्षाभूमीचं राहिलंच. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती जागा, दसऱ्याला आणि 14 ऑक्टोबरला लाखो लोक येतात, आणि त्या वेळी पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात की तू जुना बाजार विसरशील. बाहेरगावचे लोक पोत्यानं पुस्तकं नेतात. मोठा झोला घेऊन जा.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला गुपचूप (पाणीपुरी) आणि बर्फाचा गोला दोन्ही पाहिजे असतं. सासूबाई म्हणतात बाहेरचं बंद. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचं अर्धं अर्धं. बंद केलं तर तो शाळेच्या गेटवर खाईल, ते जास्त वाईट. त्यापेक्षा आपण बघून खाऊ घालायचं. उकळतं ते चांगलं हा माझा ढोबळ हिशोब, म्हणजे आलुबोंडा समोर तळून निघून राहिला असेल तर द्या, पण कढईतलं तेल काळं आणि दाट दिसलं, वर फेस धरत असेल, तर पुढे चला. गुपचूपचं पाणी कुठलं हे सरळ विचारायचं, लाजायचं काय त्यात, चांगला ठेलेवाला स्वतःच जार दाखवतो.

गोल्याचं जपून. बर्फ दोन प्रकारचा असतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मासे-भाजी थंड ठेवायला जो बनवतात तो खायचा नाही, आणि ओळखू यावं म्हणून 2018 पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. म्हणून लादी निळसर दिसली की पोराचा हात धरून निघायचं. पांढरी दिसली म्हणजे शंभर टक्के चांगली असं मात्र नाही हं. पोत्यात गुंडाळून जमिनीवर ठेवलेली असेल तर रंग कुठलाही असो. आणि भजी पेपरात बांधून देत असेल तर आपला डबा पुढे करा, शाईचा कागद अन्नाला लावायचा नाही असाही नियम आहेच, पण नियमापेक्षा डबा लवकर काम करतो.

हिवाळ्यात त्याला उकडलेले शिंगाडे द्या. तलावातले, काळ्या टणक सालीचे, दोन शिंगं असतात ती बोटाला टोचतात आणि साल सोलता सोलता नखं काळी होतात, पण आत पांढराशुभ्र गर. साल असल्यामुळे धुळीचीही फारशी भीती नाही. सासूबाईंना पण द्या, त्यांनी लहानपणी खाल्लेच असतील, वाद तिथेच मिटेल.

प्रश्न : डिसेंबरात मुंबईला भावाकडे जायचंय, दहा किलो संत्री न्यायची आहेत. गेल्या वेळी चमकदार बघून घेतली, तर वहिनी म्हणाल्या ही नागपूरची नाहीतच. खरं का?

उत्तर : वहिनी हुशार आहेत. हिवाळ्यात पंजाबकडचा किन्नो येतो, गुळगुळीत, चकचकीत, साल घट्ट चिकटलेली आणि आत बियाच बिया. आपल्या संत्र्याचं साल सैल असतं, अंगठा घातला की सुटतं, आणि दिसायला ते जरा ओबडधोबडच. डिसेंबरात आंबिया बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याचा, माल असतो, आणि मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचा, फेब्रुवारी-मार्चकडे. थोडं हिरवं असलं तरी घाबरू नका, गोडी रंगावर नसते. हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. हलकं आणि फुगलेलं असेल तर आत फोडी सुकलेल्या.

स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटमध्ये सकाळी जा, गाडीच्या आधी दहा मिनिटं नाही. एक फोडून चाखू द्या म्हणा, देतात. आणि पेटीत वरचा थर चांगला असतोच, हात खाली घालून तळातलं एक काढून बघा. पेटीला भोकं असू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेलीत तर दादरला उतरेपर्यंत घाम फुटलेला असेल, संत्र्यांना.