पूर्वीच्या मराठी मालिका चांगल्या आणि आताच्या वाईट, हे खरे आहे का?

आपण प्रश्नाच्या तपशिलात असेही लिहिले आहे की निवृत्त आईवडिलांसोबत बसून पाहता येईल अशी एखादी मालिका सुचवावी, आणि त्याला जोडून ‘मालिका म्हणजे वेळेचा अपव्यय, हे मान्य आहेच’ असे एक वाक्य टाकले आहे. मला ते मान्य नाही, आणि मी हे उत्तर लिहायला घेतले ते मुख्यतः त्या वाक्यामुळे.

आधी जुन्या-नव्याचे पाहू. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळाविषयी बोलताना लोक ‘चिमणराव’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांची नावे घेतात आणि ते योग्यच आहे. पण तेव्हा वाहिनीच एक असल्यामुळे सुमार कार्यक्रमही सगळ्यांनी पाहिले आणि पुढे ते विसरून गेले. कथा ताणण्याचा दोषही आजचा नव्हे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ 1987 साली सुरू झाले तेव्हा ते 52 भागांचे ठरले होते. लोकप्रियता पाहून ते 78 भागांपर्यंत वाढवण्यात आले. एकेका मुद्रेवर कॅमेरा किती वेळ रेंगाळतो, हे 2020 च्या टाळेबंदीत ज्यांनी ते पुन्हा पाहिले त्यांच्या लक्षात आले असेल. त्याच सुमारास, त्याच दूरदर्शनवर, श्याम बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’मध्ये हजारो वर्षांचा इतिहास 53 भागांत सांगून पूर्ण केला. तेव्हा काळ हा निकष धरला तर हाती काहीच लागत नाही.

माझा निकष मला माझ्या सासूबाईंकडून मिळाला. त्यांचे माहेर सावंतवाडीजवळचे. लग्नानंतर त्या लालबागच्या चाळीत आल्या आणि सासऱ्यांची गिरणी बंद पडल्यानंतर काही वर्षांनी आम्ही मुलुंडला आलो. खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्यांना अंथरुणावर राहावे लागले, तेव्हा त्यांची खाट आम्ही बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर आणली. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 साली सुरू झाली होती. कोकणातल्या आकेरीतले ते घर, पडवी, मागीलदार आणि पात्रांच्या तोंडची मालवणी हे सारे सासूबाई कथेपेक्षाही अधिक लक्ष देऊन पाहत असत. कोणता नट मूळचा कोकणातला आणि कोण बोली शिकून आला आहे, हे त्या दोन वाक्यांत सांगत. इतक्या वर्षांत मुंबईने त्यांची मालवणी जवळजवळ पुसून टाकली होती. त्या मालिकेमुळे त्या माझ्याशीही पुन्हा तशा बोलू लागल्या.

सासूबाई मालिका पाहताना फुलवाती वळत. कापसाचा पुंजका बोटांत घ्यायचा, मध्ये किंचित दूध लावून टोक ओढायचे आणि पुढ्यातल्या डब्यात टाकायचे. कोणत्याही मालिकेत एखाद्या पात्राने काही धक्कादायक सांगितले की ढोल वाजतो आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीने जवळून दाखवला जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सासूबाई तेवढ्या वेळात सरळ वातींकडे वळत, कारण चेहऱ्यांची फेरी पूर्ण होईपर्यंत पुढचे काही घडणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. प्रसंग खरोखर चांगला लिहिलेला असला, तर मात्र कापूस बोटांतच राही. लेखनाची इतकी नेमकी परीक्षा मी कोणत्याही समीक्षकाकडून वाचलेली नाही. मी एखादी नवी मालिका सुचवली की त्या एकच विचारत, “शेवट सांगू नको, पण शेवट आसा मा, तेवढा सांग.”

माझे धाकटे दीर एकदा ठाण्याहून मुक्कामाला आले होते. मालिका ऐन रंगात असताना त्यांनी रिमोट उचलून वृत्तवाहिनीवरची चर्चा लावली आणि मला म्हणाले, “वहिनी, आईला आजारपणात असली रडगाणी कशाला दाखवता? डोक्याला काही खाद्य द्या.” पडद्यावर सहा चौकटींत सहा माणसे एकाच वेळी ओरडत होती. मी त्या वेळी रिमोट परत घेतला आणि पाहुण्यासमोर वाद नको म्हणून गप्प बसले. परंतु हा वाद आमच्यात तेव्हापासून चालू आहे, म्हणून माझे म्हणणे येथे पूर्ण लिहिते. वृत्तवाहिनीवरच्या त्या चर्चेत रोज तेच चेहरे असतात, विश्रांतीपूर्वी एक प्रश्न लोंबकळत ठेवला जातो, पार्श्वसंगीत असते, खलनायक ठरलेला असतो, आणि कोणताही विषय शेवटाला जात नाही. एखाद्या ताणलेल्या मालिकेचे सगळे दोष तिच्यात आहेत आणि अभिनयाचा गुण मात्र नाही. तरीही ती पाहणारा पुरुष जागरूक ठरतो आणि मालिका पाहणारी बाई अडाणी ठरते. हा निवाडा कार्यक्रमाच्या प्रतीवरून होत नाही, तो पाहणारे कोण आहे त्यावरून होतो. भाऊजी लहानपणी चाळीतल्या शेजाऱ्यांच्या उंबरठ्यावर बसून ‘चिमणराव’ पाहत, हे सासूबाईंनीच मला सांगितले आहे. तेव्हा त्याला कोणी अपव्यय म्हटले नाही, कारण ते पाहायला अख्खा मजला जमत असे आणि त्यात पुरुषही असत.

शेवट ठरलेला आहे का, या एका प्रश्नावर मालिका पारखून पाहिल्या की निवड सोपी होते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ 2001 मध्ये आली. आठवड्यातून एकदा दिसणारी आणि प्रत्येक भागात एक गोष्ट पूर्ण करणारी ती मालिका मला मराठी दूरचित्रवाणीवरील सर्वोत्तम काम वाटते. दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, तरी आबांची चाल, चष्म्यावरून पाहण्याची लकब आणि नातवंडांशी बोलताना आवाजात येणारा मिस्कीलपणा यांत कुठे वय ‘आणलेले’ जाणवत नाही. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये काही महिन्यांतच संपली, आणि मुक्ता बर्वे व स्वप्नील जोशी लोकांना हवे असतानाच ती संपली, म्हणून ती अजूनही पुन्हा पाहता येते. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ही अशीच, मुंबईतल्या एका घरात एकत्र राहणाऱ्या सहा तरुणांची ती गोष्ट पाहताना, भाड्याच्या खोलीत दिवस काढलेल्या कोणालाही आपले घर आठवेल.

याउलट ‘माझ्या नवऱ्याची बायको’ पाहावी. नायिका राधिकाची नागपुरी बोली आणि मसाल्यांच्या धंद्यातून तिचे उभे राहणे, हे सुरुवातीला फार चांगले जमले होते. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई दाखवून झाल्यावर कथेत सांगण्यासारखे काही उरले नव्हते, तरी मालिका 2016 पासून 2021 पर्यंत चालली आणि तिच्या नवऱ्याला, गुरुनाथला, पुनःपुन्हा तीच फसवणूक करावी लागली. ‘आई कुठे काय करते’ या मालिकेचेही तसेच झाले. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आलेल्या त्या कथेत, संसारात गृहीत धरलेल्या अरुंधतीने घटस्फोटाचा निर्णय घेईपर्यंतचा प्रवास मधुराणी प्रभुलकर यांनी विलक्षण संयमाने उभा केला, घराघरांत त्यावर बोलणे झाले, आमच्याही झाले. पुढची वर्षे केवळ चालू राहण्यासाठी चालू राहिली.

येथे एक गोष्ट मला लिहिली पाहिजे, नाहीतर लेखकांवर अन्याय होईल. आठवड्याचे सहा दिवस रोज साधारण वीस मिनिटांचे चित्रण द्यायचे, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे आणि त्यावर पुढच्या आठवड्याचा ट्रॅक बदलायचा, अशा पद्धतीत शेवट ठरवून लिहिणे कोणाच्याच हातात राहत नाही. शिवाय या दैनंदिन मालिकांच्या उत्पन्नावर अनेक रंगकर्मींची घरे चालतात आणि त्यामुळेच त्यांना प्रायोगिक नाटके करता येतात, हेही खरे आहे. दिवसभर लोकलचा प्रवास आणि कार्यालय सांभाळून आलेली बाई पोळ्या लाटताना एखादी ताणलेली मालिका कानांनी ऐकत असेल, तर तिला शेवटाची पर्वा असण्याचे कारणच नाही. तिला सोबत हवी असते आणि ती तिला मिळते. माझा निकष तिच्यासाठी नाही, तो ठरवून पाहायला बसणाऱ्यांसाठी आहे.

आईवडिलांविषयी आपण फारसे लिहिलेले नाही, म्हणून अंदाजानेच सांगते. सुरुवात ‘टिपरे’पासून करावी, कारण त्यात आजोबाच नायक आहेत आणि मध्येच एखादा भाग चुकला तरी बिघडत नाही. वडिलांना इतिहास आवडत असेल, तर रमाबाई रानडे यांच्या आयुष्यावरची ‘उंच माझा झोका’ पाहावी. त्यातील लहानग्या रमाचे पाटी-पेन्सिलीचे प्रसंग दोघांनाही आवडतील. आईंना कौटुंबिक कथाच हवी असेल, तर ‘आई कुठे काय करते’ अवश्य दाखवावी, पण घटस्फोट झाला की तेथे थांबावे आणि दुसऱ्याच दिवशी ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लावावी, म्हणजे पुढचे भाग पाहण्याची ओढ राहणार नाही.