मुरूम : माती, दगड की खनिज?

मोहोळ तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. लहानपणापासून मुरूम म्हणजे जाडीभरडी माती असं ते समजत आले. तहसीलच्या कागदावर मात्र त्यालाच ‘गौण खनिज’ म्हटलंय. मग खरं काय?

मुरूम माती नव्हे. झिजत आलेला, पण अजून माती न झालेला तो दगड आहे. सोलापूर जिल्ह्याखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर आहेत. तोच बेसाल्ट, आपला काळा पाषाण. भेगांतून पाणी आत शिरतं, दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते, लोह गंजतं आणि मुरमाला तांबूस-पिवळा रंग येतो. नव्या विहिरीची कड जवळून बघा. मुरमात गोल धोंडे अडकलेले दिसतात. उकरलं तर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत काळा, टणक गाभा निघतो. दगड आणि मुरूम एकाच धोंड्यात, वीतभर अंतरात!

विहीर खोदणारे सांगतात : “काळी संपली, मुरूम लागला, मग मांजऱ्या, खाली पाषाण.” मांजऱ्या म्हणजे अर्धवट झिजलेला, मुरमाहून कठीण खडक. मुरूम, मांजऱ्या, पाषाण ही तीन दगडांची नावं नाहीत, एकाच बेसाल्टच्या अवस्था आहेत. पुस्तकी ‘अपक्षयित बेसाल्ट’पेक्षा मला ही भाषा कितीतरी नेमकी वाटते. कुदळ चालेल की सुरुंग लावावा लागेल, हे त्या एका शब्दात कळतं. कधी मध्येच गेरूसारखा लाल पट्टा लागतो. तो दोन लाव्हांच्या मधला : पुढचा लाव्हा येईपर्यंत खालच्या थराचा माथा उघड्यावर झिजत राहिला, त्याची खूण.

आता ‘खनिज’. भूशास्त्रात खनिज म्हणजे ठरावीक रासायनिक घडणीचा नैसर्गिक पदार्थ, आणि खडक म्हणजे बहुधा अनेक खनिजांचा मेळ. त्या अर्थानं मुरूम खनिज नाही, त्याच्यात खनिजं आहेत. सीना नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवलं की जी काळी पूड चिकटते, त्यातलं मॅग्नेटाइट हे खरं खनिज. कायदा मात्र शब्दाच्या धातूशी, ‘खन्’ म्हणजे खणणे याच्याशी, जवळचा अर्थ घेतो : जमिनीतून खणून काढलं ते खनिज. १९५७च्या खाण कायद्यानं बांधकामाचा दगड, साधी चिकणमाती, साधी वाळू यांना ‘गौण’ गटात घातलं, आणि मुरूमही त्याच गटात येतो. सुरजागडचं लोहखनिज, भंडाऱ्याचं मँगनीज ही प्रमुख खनिजं. ती आपल्या लाव्हाहून फार जुन्या खडकांत आहेत. म्हणजे कागद आणि भूशास्त्र दोन्ही बरोबर, फक्त अर्थ वेगळे.

लिहिताना एक सांभाळावं. मुरूम, पण मुरमाचा, मुरमात. जसं लाकूड, लाकडाचा. ‘मुरुमाचा’ नको. ‘मुरमाड रान’ म्हणताना आपण हे रूप बिनचूक वापरतोच.