अँड्रॉइड फोन, गाडीची टचस्क्रीन आणि घरातली उपकरणं: गाडीत भिस्त फोनवर, घरात नको

ताई, तुमची अडचण मी अशी समजलो. गाडी २०१७ची, तिच्यात कंपनीचा साधा ब्लूटूथ स्टिरिओ. दिवाळीत इंदूरहून पुण्याला जायचंय, तेव्हा नकाशा समोरच्या पडद्यावर हवाय. दुकानदार नऊ इंची '४ जीबी-६४ जीबी अँड्रॉइड स्टिरिओ' घ्याच म्हणून मागे लागलाय. शिवाय त्याच फोनवरून सुदामानगरच्या घरातला टीव्ही, एसी आणि गीझर चालवायचा आहे, आणि दिवसभर घरी सासू-सासरे असतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. ही जोडाजोडी मी स्वतःकडे आणि नात्यातल्या बऱ्याच घरांत केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मत सांगून टाकतो. गाडीत सगळं डोकं फोनचं असू द्या, पडदा नुसता पडदा राहू द्या. घरात नेमकं उलटं करा. तुमचा फोन बाहेर गेला, बंद पडला, हरवला, तरी घरातली प्रत्येक वस्तू चालली पाहिजे.

गाडीपासून सुरू करू. गूगलने अँड्रॉइड ऑटो २०१४ साली जाहीर केलं आणि २०१५पासून ते गाड्यांत येऊ लागलं. नकाशा, गाणी, कॉल, सगळं तुमच्या फोनमध्येच चालतं. फोन पडद्यासाठी वेगळं चित्र तयार करतो आणि ते व्हिडिओच्या रूपात केबलमधून स्टिरिओकडे पाठवतो. तुम्ही पडद्यावर जिथे बोट लावलंत ती जागा स्टिरिओ फोनला उलट कळवतो. बस, स्टिरिओचं काम एवढंच. त्यामुळे बऱ्याच वर्षांपूर्वीचा स्टिरिओसुद्धा आजचा नकाशा दाखवतो, कारण अपडेट येतात ते फोनला. अँड्रॉइड १०पासून तर अँड्रॉइड ऑटो फोनमध्ये आधीपासूनच असतं.

दुकानदार दाखवतोय तो प्रकार वेगळा आहे. तो डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेट आहे. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, त्याला इंटरनेट लागतं ते वेगळं. दुकानात मोठा पडदा बघून मन भरतं, पण दोन-तीन वर्षांनी अ‍ॅप जड होतात, आतली अँड्रॉइड तिथेच थांबलेली असते आणि किल्ली फिरवल्यावर पडदा जागा व्हायची वाट बघत बसावं लागतं. 'अबाउट'मध्ये लिहिलेल्या आवृत्तीवरही विसंबू नका. स्वस्त स्टिरिओंमध्ये तिथला आकडा बदलून मोठा दाखवलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात स्वस्त टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटोफ्रेम यांच्या बरोबरीने गाडीत नंतर बसवल्या जाणाऱ्या स्टिरिओंचाही उल्लेख होता. अशा काही उपकरणांत विकण्याआधीच, किंवा सुरुवातीला टाकायला लावलेल्या अ‍ॅपबरोबर, घातक सॉफ्टवेअर शिरलेलं असतं आणि तुमचं नेट परक्यांच्या उद्योगाला वापरलं जातं. प्रत्येक अँड्रॉइड स्टिरिओ असाच असतो असं मी म्हणत नाही. पण दुकानातच एक तपासणी करता येते. त्या स्टिरिओवर प्ले स्टोअर उघडा, सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे गूगलच्या सुरक्षा तपासणीचं, प्रमाणपत्र बघा. उपकरण प्रमाणित नाही असं दिसलं, किंवा दुकानदार 'प्ले प्रोटेक्ट बंद करून टाका, मग सगळं फुकट चालेल' म्हणाला, तर तिथून निघा. घरच्या टीव्हीसाठी कोणी स्वस्त बॉक्स आणून दिला तरी हीच तपासणी करा. आणि घेतलाच असा स्टिरिओ, तर ज्या गूगल खात्यावर तुमचे बँकेचे मेल येतात ते खातं त्यात कधीच टाकू नका.

तुमच्यासाठी मी साधारण सात इंची, अँड्रॉइड ऑटो चालवणारा नावाजलेल्या कंपनीचा डबल डिन (दुप्पट उंचीच्या ठरलेल्या मापाचा) स्टिरिओ सुचवीन. पडदा दोन इंचांनी लहान वाटेल, पण एका ओझरत्या नजरेत वळण दिसायला तेवढा पुरतो.

आता फिटिंग. इथे घाई केली की पुढे महिनोन्‌महिने त्रास होतो, म्हणून यावर जास्त लिहितो. नंतर बसवायच्या स्टिरिओच्या तारांचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी बॅटरीतून कायम चालू, लाल किल्लीवर चालू-बंद होणारी, काळी अर्थिंगची. पिवळी आणि लाल एकमेकींच्या जागी गेल्या तर दर वेळी किल्ली काढली की घड्याळ, ब्लूटूथची जोडणी, आवाजाची सेटिंग सगळं पुसलं जातं. फिटिंगवाल्याने दोन्ही एकत्र पिळून पिवळीवर चढवल्या तर स्टिरिओ कधी झोपतच नाही आणि दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. गाडीच्या मूळ तारांचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे, त्यामुळे रंगाला रंग जोडणाऱ्या माणसाच्या हाती गाडी देऊ नका. आधीच ठणकावून सांगा: 'कपलर टू कपलर बसवायचं, मूळची एकही तार कापायची नाही.' कपलर म्हणजे तारांच्या टोकाचा प्लास्टिकचा प्लग. तुमच्या मॉडेलचा हार्नेस (गाडीचा आणि नव्या स्टिरिओचा कपलर जोडणारा तयार तारांचा जुडगा) नसेल तर तो मागवेपर्यंत थांबा. गाडी विकताना जुना स्टिरिओ पाच मिनिटांत परत बसतो तो या कपलरमुळेच. स्टिअरिंगवरची बटणं चालू ठेवायची असतील तर ते हार्नेस मागवतानाच सांगावं लागतं, काही गाड्यांना त्यासाठी वेगळा कॅनबस डबा, म्हणजे गाडीचे संदेश स्टिरिओला कळतील असे करून देणारा छोटा डबा, लागतो. रिव्हर्स कॅमेऱ्याचं एकच बघा: रिव्हर्स गिअर टाकला की पडदा आपोआप कॅमेऱ्यावर जायला हवा. दुकानातून निघण्याआधी स्वतः गिअर टाकून बघा.

तुमच्या मुलाने विचारलंय की समोरच्या पडद्यावर व्हिडिओ चालेल का. हँडब्रेकची तार अर्थिंगला लावून (म्हणजे गाडी उभीच आहे असं स्टिरिओला वाटतं) चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू करून देतो असं फिटिंगवाले आपणहून सांगतात. ते करू देऊ नका. घाटात ट्रकच्या मागे असताना चालकाच्या डोळ्यांसमोर सिनेमा नको. मुलाला मागच्या सीटवर टॅबलेट द्या.

वायर की वायरलेस? पुण्याच्या प्रवासाला वायर. वायरलेसमध्ये फोन आणि स्टिरिओची ओळख ब्लूटूथवर होते, पण चित्र पाठवायला ब्लूटूथ पुरत नाही, म्हणून ते ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर जातं. त्यासाठी साधारण अँड्रॉइड ११ किंवा पुढचा फोन लागतो. शहरातल्या शहरात राजवाड्यापर्यंत जाऊन यायला ते फार सोयीचं आहे, फोन पर्समध्येच राहतो. लांबच्या प्रवासात मात्र नकाशा, वायफाय, मोबाइल नेट आणि चार्जिंग सगळं एकदम चालून फोन तापतो, आणि तापलेला फोन आधी चार्जिंग कमी करतो, मग जोडणी सोडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवणं तर टाळाच. एसीच्या झोतासमोर किंवा खाली खणात ठेवा.

वायर जोडून जोडणी तुटत असेल तर निम्म्याहून अधिक वेळा दोष केबलचा निघतो. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. जेल रोडवर डॉलर मार्केटमध्ये केबल घेणार असाल तर तिथल्या तिथे लॅपटॉपला जोडून बघायला सांगा. फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर डेटा जातोय. लांबी एक मीटरच्या आत, मध्ये हब नको, जोडकेबल नको. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये अँड्रॉइड ऑटोवरचे निर्बंधही काढून टाका. बरेच फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकतात, आणि लोक स्टिरिओला दोष देतात. आणखी एक. स्टिरिओचा यूएसबी जुन्या पद्धतीचा, अर्ध्या अँपिअरचा असेल तर त्यातून अडीच वॉटच मिळतात. नकाशा चालू असताना फोन त्याहून जास्त खाऊ शकतो, म्हणून निघताना बॅटरी भरलेली असू द्या.

निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर इंदूर ते पुणे हा सगळा टापू गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात नेटवर्क गेलं तरी रस्ता दिसत राहील, फक्त वाहतुकीची कोंडी कळणार नाही.

घरात गोष्ट बदलते, कारण तुम्ही फोन घेऊन ऑफिसला गेलात की सासूबाईंच्या हातात काय उरतं ते बघायचं आहे.

टीव्हीवर फोनचं चित्र नेण्याचे दोन रस्ते आहेत, आणि दिसायला सारखे असले तरी त्यांत मोठा फरक आहे. कास्ट केलं तर फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः नेटवरून ओढतो. तुम्ही कीर्तन लावून दिलंत आणि फोन घेऊन बाजारात गेलात तरी ते चालू राहतं. मिराकास्ट किंवा स्क्रीन मिररिंगमध्ये फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर जातो. मग तुमचे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोपही सगळ्या घराला दिसतात, आणि तुम्ही उठून गेलात की चित्र गेलं. फोटो दाखवायला मिररिंग ठीक, रोजच्यासाठी कास्ट.

सासू-सासऱ्यांसाठी याहून उपयोगी पडेल ते एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलने जोडलेल्या वस्तूंनी एकमेकींना हुकूम देण्याची सोय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते बहुधा कंपनीच्या नावाने लपलेलं असतं: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू केलं आणि सेट-टॉप बॉक्स किंवा साउंडबारही साथ देणारा असला, तर पुष्कळ कामं एकाच रिमोटवर येतात. साउंडबार मात्र टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच लावा. समोर तीन रिमोट मांडून कोणता कशाचा हे आठवत बसलेली म्हातारी माणसं मी खूप घरांत बघितली आहेत. एक रिमोट उरला की त्यांचा दिवस खरंच सुखाचा होतो.

एसीसाठी काही फोनमध्ये इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटमधला न दिसणारा किरण, असतं, पण ते त्या खोलीत, तो फोन असतानाच उपयोगी. त्याऐवजी वायफायवर चालणारा छोटा इन्फ्रारेड हब खोलीत ठेवा. एक गोष्ट ध्यानात असू द्या. इन्फ्रारेड एकाच दिशेने जातो, एसी उलट काही सांगत नाही. सासऱ्यांनी मूळ रिमोटने २६चं २४ केलं तर तुमच्या अ‍ॅपवर २६च दिसत राहणार. त्यात बिघाड काही नाही. एसी स्मार्ट प्लगवर लावून वीजच तोडणं मात्र नको, कंप्रेसरला ते चांगलं नाही.

गीझरबाबत मी कडक आहे. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा तेरा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे १० अँपिअरचे स्मार्ट प्लग यासाठी नाहीत. १६ अँपिअरचाच घ्या, आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये 'वीज आल्यावर काय करायचं' हा पर्याय 'बंद' वर ठेवा. पावसाळ्यात लाईट जाऊन येते, तेव्हा घरात कोणी नसताना गीझर आपोआप सुरू व्हायला नको. ऑफिसातून निघालात की फोनच्या ठिकाणावरून गीझर सुरू व्हावा असंही करता येतं. दिव्यांसाठी करा, गीझरसाठी करू नका. त्याला घरातल्या माणसाने बटण दाबू द्या.

दिव्यांसाठी स्मार्ट बल्ब घेऊ नका. सासरे सवयीने भिंतीवरचं बटण बंद करणार आणि बल्बची वीजच गेली की अ‍ॅप काही करू शकणार नाही. भिंतीवरच्या बटणाच्या मागे बसणारा छोटा स्मार्ट स्विच, म्हणजे मॉड्यूल, घ्या, म्हणजे बटणही चालतं आणि फोनही. बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल तार लागते आणि जुन्या घरांच्या बोर्डांत ती नसते, म्हणून आधी इलेक्ट्रिशियनकडून एक बोर्ड उघडून बघा. ही बहुतेक उपकरणं २.४ गिगाहर्ट्‌झच्याच वायफायवर चालतात. राउटरवर २.४ आणि ५ अशा दोन्ही बँडना वेगळी नावं दिलीत तर पहिली जोडणी अडत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा.

गूगल होममध्ये, म्हणजे घरातली ही उपकरणं एकत्र चालवायच्या गूगलच्या सोयीत, नवऱ्याला आणि सासऱ्यांना घरातले सदस्य म्हणून जोडा, तुमचं खातं त्यांच्या फोनवर उघडून देऊ नका.

आता गाडीचं मॉडेल, तुमच्या फोनचं नाव आणि जमलं तर जुना स्टिरिओ बाहेर काढून मागच्या कपलरचा फोटो टाका. कोणता हार्नेस लागेल आणि स्टिअरिंगच्या बटणांसाठी डबा लागेल का, हे त्यावरून सांगता येईल. तोवर दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नका.