नवरा-बायको दोघांची एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) खाती वेगळी असतील तर टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये कशी दाखवायची?

वेगवेगळी. रिटर्न जॉइंट असलं तरी वेगवेगळी. संयुक्त एचएसए असा प्रकारच अमेरिकेत नाही. खातं एकाच माणसाचं असतं. म्हणून १०४० (रिटर्नचा मुख्य फॉर्म) एकच असला तरी त्याला फॉर्म ८८८९ (एचएसएचा हिशेब) दोन लागतात, एक तुमचा आणि एक बायकोचा. तुम्ही विचारलंय, "दोन्ही रकमा माझ्या नावाखाली टाकल्या तर काय बिघडतं, शेवटी बेरीजच होणार ना? आणि पुढच्या वर्षी तिचं खातं बंद करून एकच ठेवावं का?" हे दोन्ही प्रश्न मी आमच्या घरात ऐकलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे सगळ्यांचे टॅक्स माझे मोठे दीर भरायचे. मार्चमधल्या एका शनिवारी आपापले डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेले वर्षाच्या पगाराचे दाखले) घेऊन त्यांच्याकडे जायचं, जेवण तिथेच. माणूस हुशार, शिवाय पैसे घेत नाही, त्यामुळे मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही असा अलिखित नियम. गोष्ट २०२४ च्या रिटर्नची. नवऱ्याच्या कंपनीचा फॅमिली प्लॅन, त्यात तो आणि मुलगा. माझ्या नोकरीतून माझ्यापुरता वेगळा प्लॅन. दोन्ही हाय डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी बराच खर्च स्वतः करायचा; एचएसएत भरायला असाच प्लॅन लागतो. त्याच्या एचएसएत ५,८०० डॉलर गेले होते, माझ्या २,४००. त्या वर्षीची फॅमिली मर्यादा ८,३०० आणि आमची बेरीज ८,२००. सगळं नियमात.

तरीही माझा डब्ल्यू-२ टाकल्यावर रिफंड एकदम खाली घसरला. सॉफ्टवेअरच्या मते माझे २,४०० 'जादा' होते: उत्पन्नात धरा आणि वर ६ टक्के दंड भरा. आम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे ५२८ टॅक्स आणि १४४ दंड. भावोजी म्हणाले, "दोघांनी खाती काढायची गरजच काय होती? तुझं काय नि त्याचं काय, घरचंच ना! द्या भरून आता." नवऱ्याने मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर आमचं नंतर बरंच बोलणं झालं, ते इथे नको.

मी म्हटलं, भावोजी, माझ्या नावाचं पान उघडा. नवऱ्याच्या नावाखाली विम्याचे सगळे प्रश्न नीट भरलेले. माझ्या नावाखाली, वर्षभरात कुठल्या महिन्यात कुठला प्लॅन होता, याला सरळ 'कुठलाच नाही'. त्यांच्या हिशेबात विमा नवऱ्याचा असतो आणि बायको त्यात येते! सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? प्लॅन नाही म्हणजे पात्रता नाही, आणि पात्रता नाही म्हणजे पगारातून गेलेला प्रत्येक डॉलर जादा. उत्तर बदललं, दंड गेला, रिफंड परत वर आला. भावोजींनी चष्मा पुसला आणि जाऊबाईंना चहा टाकायला सांगितलं. "तुझं बरोबर होतं" हे शब्द मी अजून ऐकलेले नाहीत.

तेव्हा तुम्हीही बायकोच्या नावाची पानं 'पुढे'चं बटण दाबत उडवू नका. दोघांपैकी एकाचा प्लॅन फॅमिली असला की मर्यादेसाठी दोघांनाही फॅमिलीच धरतात आणि ती एकच मर्यादा दोघांत वाटली जाते. वाटणी तुम्ही ठरवाल तशी. काही ठरवलं नाही तर निम्मी-निम्मी. २०२५ साठी हा आकडा ८,५५० आहे, २०२६ साठी ८,७५०. दुसरं, डब्ल्यू-२ वर बॉक्स १२ मध्ये कोड डब्ल्यू पुढे जी रक्कम असते तिच्यात कंपनीचे पैसे आणि तुमच्या पगारातून कापलेले, दोन्ही आलेले असतात. 'स्वतः किती भरले' या रकान्यात तेच पुन्हा टाकलंत तर मर्यादा ओलांडल्यासारखी दिसेल. ५४९८-एसएसाठी (खात्यात किती जमा झालं ते सांगणाऱ्या फॉर्मसाठी) थांबू नका, तो मे महिन्यात येतो.

खात्यातून काढलेल्या पैशांचा फॉर्म, १०९९-एसए, ज्याच्या नावावर, त्याच्याच ८८८९ वर. खर्च कोणाच्या दातांवर झाला याने फरक पडत नाही. तुमच्या खात्यातून बायकोचं रूट कॅनल चालतं, पुण्यात केलेलंही चालतं. भारतात राहणाऱ्या आईवडिलांची ऑपरेशनं मात्र चालत नाहीत, कारण ते तुमचे डिपेंडंट ठरत नाहीत. तिथे टॅक्स आणि वर २० टक्के दंड.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया एचएसए मानतच नाहीत, म्हणजे राज्याच्या टॅक्समध्ये त्याची सवलत देत नाहीत. डब्ल्यू-२ वर राज्याचं उत्पन्न फेडरलपेक्षा जास्त दिसलं तर एक कारण हे असू शकतं. घाबरू नका.

मी सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आणि दोघांपैकी कोणाचंही साधं हेल्थ एफएसए (आरोग्यखर्चासाठी नोकरीतून मिळणारं वेगळं खातं) असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, कारण त्यातून जोडीदाराचाही खर्च निघू शकत असेल तर दोघांचीही पात्रता जाते. रक्कम खरंच जादा झाली असेल तर रिटर्नच्या मुदतीआधी, त्यावरच्या कमाईसकट, काढून घ्या. ६ टक्के वाचतात.

आता खातं बंद करण्याचं. करू नका. तिची कंपनी तिच्या एचएसएत जे पैसे घालते ते तुमच्या खात्यात घालणार नाही. शिवाय वयाच्या ५५ नंतर प्रत्येकाला वर्षाला १,००० डॉलर जास्त भरता येतात, पण ज्याचे त्याने स्वतःच्याच खात्यात. भावोजी आणि जाऊबाई दोघंही पंचावन्नच्या पुढे, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) अजून लांब, दोघंही एकाच हाय डिडक्टिबल प्लॅनमध्ये. खातं एकच, भावोजींचं. जाऊबाईंचे हजार दरवर्षी बुडतात. मागच्या दिवाळीत मी त्यांना फोनवरून खातं उघडून दिलं. १५ एप्रिलच्या आत भरले तर मागच्या वर्षाचेही धरले जातात, म्हणून यंदा त्यांचा स्वतःचा ८८८९ भरला जाणार आहे, आणि तो आम्ही दोघी भरणार आहोत.