अव्हेनिदा म्हणजे राजमार्ग का?

म्हापशाचे एक वाचक लिस्बनच्या प्रवासवर्णनाचे मराठी भाषांतर करत आहेत. त्यांनी विचारले आहे: तिथल्या 'अव्हेनिदा दा लिबेर्दाद' या मोठ्या रस्त्याला 'स्वातंत्र्य राजमार्ग' म्हटले तर चालेल का? आणि पणजीतल्या जुन्या नावांत 'रुआ'ही भेटते नि 'अव्हेनिदा'ही, तर दोहोंत फरक फक्त रुंदीचा का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे सांगतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. 'रुआ' हा शब्द लॅटिन 'रुगा'पासून आला. रुगा म्हणजे सुरकुती. घरांच्या दोन रांगांमधली चीर, ती रुआ. पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत एकतीस जानेवारी रस्त्यावर उभे राहून वर बघा. दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांमध्ये आभाळाची एक पट्टी तेवढी उरते. सुरकुती शब्द तिथे डोळ्यांना दिसतो. माझे आजोबा पोर्तुगीज अंमलात पणजीत शिकले. घरी ते अस्सल मराठी बोलत, पण पत्ता सांगताना त्यांच्या तोंडून 'डावीकडची दुसरी रुआ' असेच यायचे.

'अव्हेनिदा'ची जात वेगळी. लॅटिन 'वेनिरे' म्हणजे येणे, आणि अव्हेनिदाच्या मुळाशी आहे एखाद्या ठिकाणी येऊन पोचणे. हा वेनिरे आणि आपला संस्कृत 'गम्' धातू एकाच आदिम धातूची लेकरे आहेत. म्हणजे शब्दाशी शब्द जुळवायचा तर अव्हेनिदा म्हणजे 'आगमन'! मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा फार आनंद झाला होता. फ्रेंचांनी त्यांचा 'अव्हेन्यू' वाड्याकडे नेणाऱ्या, दुतर्फा झाडे लावलेल्या वाटेसाठी वापरला. झाडे या शब्दाला चिकटली ती तिथून. तेव्हा फरक नुसत्या रुंदीचा नाही. रुआ घरांमधून जाते, अव्हेनिदा कुठेतरी थाटाने नेऊन पोचवते.

आता लिस्बन. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात ते शहर कोसळले. राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने ते पुन्हा उभारायला घेतले आणि 1764 मध्ये, आज ही अव्हेनिदा आहे त्या जागी, एक बाग आखली गेली, 'पासेयु पुब्लिकु'. पासेयु म्हणजे फेरफटका. आपल्याकडे कोकणीत 'पासय मारप' म्हणतात ना, ती पासय हीच. नावात 'सार्वजनिक' असूनही या बागेला भोवती भिंत होती आणि आत फिरायची ती बड्यांची मंडळी. 1821 मध्ये ती भिंत पाडली आणि बाग सगळ्यांना खुली झाली. पुढे 1879 ते 1886 या काळात पॅरिसच्या धर्तीवर बागेच्या जागी हा रस्ता झाला. बाग गेल्यावर त्या वेळी अनेकांना वाईट वाटले. तिच्यातल्या तेजु आणि दोरु या नद्यांच्या मूर्ती मात्र रस्त्याच्या कडेच्या हिरवळीत राहिल्या.

रस्ता सुमारे 1,100 मीटर लांब आणि 90 मीटर रुंद. खालच्या टोकाला रेश्तावरादोरेश चौक. 60 वर्षांच्या स्पॅनिश सत्तेनंतर 1640 मध्ये स्वातंत्र्य परत मिळवणाऱ्यांच्या स्मरणार्थ तिथे उंच स्तंभ आहे. तिथून चढ चढत वर गेले की 1934 मध्ये उभारलेला पोंबालचा पुतळा, शेजारी सिंह. मधोमध वाहनांचा रस्ता, दोन्ही अंगांना झाडीचे पट्टे, त्यांत पाणी आणि बाके, पलीकडे अरुंद रस्ते, मग इमारती. झाडांखालची वाट काळ्यापांढऱ्या बारक्या दगडांची, हाताने ठोकून नक्षीत बसवलेली. दर 25 एप्रिलला, हुकूमशाही उलथवणाऱ्या 1974 च्या क्रांतीच्या दिवशी, लोक मिरवणुकीने हाच रस्ता उतरतात.

भिंत पाडून खुल्या झालेल्या जागेवरच्या, लिबेर्दाद नावाच्या रस्त्याला आपण 'राज' जोडायचा? मला ते पटत नाही. राजमार्ग म्हटले की राजाची स्वारी डोळ्यांसमोर येते, आणि हिंदीत महामार्गालाच राजमार्ग म्हणतात, त्यामुळे आता त्यावरचे ट्रकही. 'महामार्ग' तर गावाबाहेरचा. 'वीथी' शब्द सुंदर आहे, पण वाचक अडखळेल. 'हमरस्ता' बरा. तो सगळ्यांचा असतो, आणि बोलण्यातला आहे. त्यात झाडे नाहीत, ती आपण वेगळी सांगायची. नाव मात्र पोर्तुगीजच राहू द्या. एकदाच अर्थ द्या.

पणजीतही हेच लागू पडते. अठरा जून रस्ता, 1946 साली राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सभा घेतली त्या दिवसाचे नाव मिरवणारा, कितीही गजबजला तरी स्वभावाने रुआ आहे. दुकानांना दुकाने लागलेली, सावली बेताची. मांडवीच्या काठाने पाटोकडून येणारा रस्ता पूर्वी 'अव्हेनिदा दों जुआंव द काश्त्रु' होता. पुढे कांपालकडे गेलात की भल्या थोरल्या झाडांखालून मिरामारच्या वाळूपर्यंत रस्ताच तुम्हाला नेतो. अव्हेनिदा शब्द तिथे पायांना समजतो.

तुमच्या भाषांतरात मी असे लिहीन: 'संध्याकाळी आम्ही अव्हेनिदा दा लिबेर्दादवर, म्हणजे स्वातंत्र्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडीच्या हमरस्त्यावर, पासय मारायला गेलो.' गोव्याबाहेरच्या वाचकासाठी हवे तर 'फेरफटका' करा. मी पासयच ठेवीन.